मधली चित्रं कोण काढतं?

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पुण्याहून भाचा आला होता, नऊ वर्षांचा आहे, संध्याकाळभर होम मैदानावर पाळण्यात बसून आणि भेळ खाऊन आम्ही दमून घरी आलो आणि रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर रामायणाचा तो जुना कार्टून पिक्चर लावला, १९९२ चा, जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांना सोबत घेऊन केलेला, हाताने काढलेला. दहा मिनिटं झाली असतील नसतील आणि पोरगं म्हणालं, "मामा, हे जरा अडकत अडकत हलतंय बघ. मोटू पतलू असं नाही हलत."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण हा फरक बऱ्याच मोठ्या माणसांनाही जाणवतो पण नेमका सांगता येत नाही, मग "जुन्यात जीव होता" नाहीतर "नव्याची क्वालिटी भारी" एवढं म्हणून विषय संपतो. या पोराची नजर बरोबर जागेवर गेली होती. पिक्चर तिथंच थांबवला आणि सांगायला बसलो.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम पळतात. हाताने काढलेल्या पिक्चरमध्ये बऱ्याच वेळा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ च चित्रं लागतात, या धंद्यातले लोक त्याला 'ऑन टूज' म्हणतात. जपानी लोक तर पुष्कळदा तीन तीन फ्रेम धरतात, मग सेकंदाला ८ चित्रांत भागतं. एकदम वेगाची हालचाल असेल किंवा कॅमेरा सरकत असेल तेव्हा मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. आणि कॉम्प्युटरवर केलेल्या पिक्चरमध्ये सहसा २४ च्या २४ फ्रेम वेगवेगळ्या असतात, म्हणून ते लोण्यासारखं सरकतं. भाच्याला जे अडकल्यासारखं वाटलं ते हे.

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, कॉटवर पडल्या पडल्या ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी चादरीच्या कारखान्यात डिझाईनचे ग्राफ काढले, आता वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण कान तिखट आहेत. ते म्हणाले, "सेकंदाला बारा? मग एका पिक्चरला लाखभर होत्यात की रे. मुख्य मुख्य चित्रं मोठा कलाकार काढत असंल, पण मधली चित्रं कोण काढतं?"

हाताचं अ‍ॅनिमेशन आणि कॉम्प्युटरचं अ‍ॅनिमेशन यातला खरा फरक समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते हा एकच प्रश्न धरून बसावं. टूडी का थ्रीडी, रंग चकचकीत का फिके, हे सगळं नंतर येतं.

आधी एक गोष्ट, की मुळात चित्रं हलतातच कशी. लहानपणी पुस्तकात वाचलेलं असतं की डोळ्यावर चित्र क्षणभर टिकून राहतं म्हणून पिक्चर हलताना दिसतो. तेवढ्यानं भागत नाही. नुसतं टिकून राहिलं असतं तर चित्रावर चित्र साचून काला झाला असता. गड्ड्यावर लायटिंगची माळ बघितलीय ना, दिवे एकामागून एक लागतात विझतात आणि आपल्याला दिसतं की उजेड पळतोय, तिथं जागचं काहीच हललेलं नसतं. जर्मनीत माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली अशाच लागणाऱ्या विझणाऱ्या रेषांवर प्रयोग करून मांडलं की ही हालचाल आपला मेंदू स्वतः तयार करतो. दोन जागा दिसल्या की मधला प्रवास मेंदू भरून टाकतो. म्हणजे आप्पांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच, काही मधली चित्रं बघणारा स्वतःच काढतो, कागदावर नसलेली. पण दोन जागांमधलं अंतर फार झालं की मेंदू हात वर करतो आणि मग चित्र उड्या मारताना दिसतं. त्यामुळं पुरेशी मधली चित्रं कोणीतरी काढून द्यावीच लागतात.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्याच सुमाराला एक गंमत केली होती, कुंडीत वाटाणा पेरून कॅमेऱ्याने थांबून थांबून एकेक फ्रेम घेत रोप वाढताना दाखवलं, तिथं मधली चित्रं वाटाण्यानेच काढली म्हणायची. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाच्या छोट्या फिल्ममध्ये काड्यापेटीतल्या काड्या हाताने सरकवत सरकवत, प्रत्येक वेळी एक फ्रेम घेत, नाचवल्या. मला हे वाचलं की फार भरून येतं, एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी काड्या हातात घेऊन फ्रेम फ्रेम मोजलीय.

अमेरिकेत विन्सर मॅके नावाचा व्यंगचित्रकार होता, त्याने १९१४ मध्ये गर्टी नावाच्या डायनोसॉरची फिल्म केली, हजारो चित्रं, आणि प्रत्येक कागदावर मागचा डोंगर आणि तळंसुद्धा पुन्हा पुन्हा काढलेलं, त्या कामाला एक मदतनीस पोरगा होता. या मॅकेने एक युक्ती काढली. हालचालीचं पहिलं चित्र काढायचं, शेवटचं काढायचं, मग बरोबर मधलं, मग त्याच्या मधलं, असं अर्धं अर्धं करत जायचं. पुढे स्टुडिओ मोठे झाले तेव्हा या युक्तीची रीतसर कामाची वाटणीच झाली. मोठा अ‍ॅनिमेटर मुख्य पोज काढणार, त्या 'की', आणि हाताखालची माणसं मधली चित्रं काढणार, ते 'इनबिटविनर'. त्याच १९१४ साली अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर पात्र काढायच्या पेटंटसाठी अर्ज केला, मग मागचं चित्र एकदाच काढून त्याच्यावर शीट बदलत राहिलं की झालं. १९३७ चा डिस्नेचा स्नो व्हाइट ८३ मिनिटांचा आहे, गुणाकार करून बघा, जवळपास १ लाख २० हजार फ्रेम होतात, आणि एकेका फ्रेममध्ये एकावर एक अनेक शीट. कागदावरच्या पेन्सिलीच्या रेषा शीटवर शाईने उतरवायच्या आणि मागून रंग भरायचे हे काम डिस्नेकडे बहुतेक बायका करायच्या. वर्षानुवर्षं. १९६१ पासून पेन्सिलीचं चित्र झेरॉक्सच्या तंत्राने सरळ शीटवर उतरायला लागलं तेव्हा शाईचं काम गेलं, १९९० पासून स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंग भरायला लागले तेव्हा रंगाचंही गेलं. हातमागावरची माणसं यंत्रमाग आल्यावर कुठं गेली हे ज्या गावाने बघितलंय त्याला हे वाक्य नुसतं वाचून पुढं जाता येत नाही.

आता कॉम्प्युटर कुठं आला. बऱ्याच लोकांना वाटतं की कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन म्हणजे १९९५ चा टॉय स्टोरी. पूर्ण लांबीचा, सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर केलेला पहिला पिक्चर तो, हे खरंच आहे. पण कॉम्प्युटरने हात घातला तो त्याच्या खूप आधी, आणि घातला तो नेमका मधल्या चित्रांनाच. कॅनडाच्या सरकारी संशोधन संस्थेत नेस्टर बर्टनिक नावाचे इंजिनिअर होते, १९६९ मध्ये त्यांनी डिस्नेच्या एका अ‍ॅनिमेटरचं भाषण ऐकलं, त्यात त्याने सांगितलं की आमच्याकडे मुख्य कलाकार की चित्रं काढतो आणि सहाय्यक मधली भरतात. बर्टनिकना वाटलं की हे मधलं भरायचं काम तर मशीन करू शकेल. मग त्यांनी आणि मार्सेली वाइन यांनी प्रोग्राम लिहिला, चित्रकाराने दोन चित्रं काढायची, या चित्रातली कुठली रेष त्या चित्रातल्या कुठल्या रेषेत बदलणार ते सांगायचं, मधल्या रेषा कॉम्प्युटर काढणार. पीटर फोल्देस या चित्रकाराने त्यावर १९७४ मध्ये 'ला फॅं', म्हणजे भूक, अशी छोटी फिल्म केली, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि या दोघा इंजिनिअरांना पुढे १९९७ मध्ये तांत्रिक ऑस्कर. ती फिल्म बघा कधीतरी. रेषा वितळत वितळत एका आकारातून दुसऱ्या आकारात जातात, खाणारा माणूस फुगत जातो. अंगावर काटा येतो, पण त्यातल्या हालचालीला एक वेगळाच पाण्यात बुडाल्यासारखा भाव आहे.

हा पाण्यात बुडाल्यासारखा भाव कुठून येतो, हा भाग मी भाच्याला करूनच दाखवला, तुम्हीही करा. घरातली चादर जमिनीवर अंथरा, वरून मोबाईल धरा, आणि एक नाणं चादरीवर सरकवत फोटो काढा. समजा नाणं टेबलावरून खाली पडतंय. सेकंदाला १२ चित्रं धरली तर पडणारी वस्तू पहिल्या चित्रापर्यंत साधारण ३.४ सेंटीमीटर खाली येते, दुसऱ्यापर्यंत १३.६, मग ३०.६, मग ५४.४ आणि पाचव्याला ८५. मधली अंतरं बघा, १, ३, ५, ७, ९ या पटीत वाढतात, हा गॅलिलिओने शोधलेला हिशोब. आता दुसऱ्यांदा तेच ८५ सेंटीमीटर पाच सारख्या भागात वाटा, प्रत्येक वेळी १७. पहिलं चित्र तेच, शेवटचं चित्र तेच, चित्रांची संख्या तीच, वेळही तोच. फोटो पटापट पळवून बघितलं की पहिल्यात नाणं पडतं आणि दुसऱ्यात नाणं लिफ्टने खाली उतरतं. भाचा हे बघून दोनदा ओरडला.

सगळं रहस्य या वाटणीत आहे. मधली चित्रं काढायला कॉम्प्युटर चांगलाच, पण मधली अंतरं कशी वाटायची हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, नुसतं सोडून दिलं तर तो सगळं सारखं वाटतो, फार तर सुरुवातीला आणि शेवटी जरा गुळगुळीत करतो. जुने अ‍ॅनिमेटर की चित्राच्या कडेला एक छोटी उभी रेघ ओढून त्यावर आडव्या खुणा करायचे, शिडीसारख्या, म्हणजे इनबिटविनरला कळावं की पुढची चार चित्रं या टोकाला दाटीने बसवायची आणि त्या टोकाला विरळ. कॉम्प्युटरवर त्या शिडीच्या जागी ग्राफ आला. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ जागेची, वाकडी रेषा जिथं उभी चढते तिथं वेग जास्त, जिथं आडवी पडते तिथं थांबलंय. ती रेषा वाकवायला दोन्ही बाजूला दांड्या असतात, हे गणित गाड्यांची बॉडी काढण्यासाठी १९६० च्या दशकात रेनो कंपनीच्या पिएर बेझिए या इंजिनिअरने रुळवलेलं. मोटारीच्या बॉनेटची गोलाई आणि कार्टूनच्या मानेची लचक एकाच सूत्राने निघते.

आप्पा इथं उठून बसले. ग्राफ म्हटल्यावर उठणारच.

सोलापुरी चादरीचं डिझाईन कसं होतं ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात, एक उभी ओळ म्हणजे एक उभा धागा, एक आडवी ओळ म्हणजे एक आडवा धागा, आणि चौकट भरली की तिथं धागा वर. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, एका आडव्या धाग्याला एक पत्ता. शेकडो पत्ते दोऱ्याने बांधून त्यांची माळ मागाच्या वर बसवलेल्या जेकार्ड नावाच्या मशीनवर चढवतात, पत्ता पुढं आला की भोक असेल तिथला हुक धागा उचलतो, नसेल तिथला खाली राहतो, धोटा पळतो, पुढचा पत्ता. हे मशीन फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमाराला केलं आणि त्याची भोकांच्या पत्त्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात उचलली, पुढे शंभरेक वर्षांनी कॉम्प्युटरही पत्त्यांवरच चालले. म्हणजे फिल्मच्या फ्रेमसारखे एकामागून एक सरकणारे पत्ते आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी खडखडत होते आणि आम्ही कार्टूनला परदेशी वस्तू समजत होतो.

या चादरीवरूनच दोन्ही पद्धतींची अजून एक गोष्ट चटकन कळते. समजा पात्राने अंगावर मोराची सोलापुरी चादर घेतलीय आणि ते चालतंय. हाताने काढणाऱ्याला हे संकट आहे, कारण प्रत्येक चित्रात प्रत्येक मोर, घडीत अर्धा लपलेला, वळणावर वाकलेला, नव्याने काढायचा, जरा चुकला की मोर थरथरतात. म्हणून जुन्या कार्टूनमध्ये बघा, कपडे बहुतेक एकरंगी असतात. कॉम्प्युटरमध्ये नक्षी एकदाच काढायची आणि आकारावर गुंडाळायची, मग पात्र कितीही वळो. ही गुंडाळायची रीत एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली, हेच पुढे टॉय स्टोरी करणाऱ्या पिक्सार कंपनीचे एक संस्थापक झाले. उलट बाजूला, पात्राचं डोकं क्षणभर भोपळ्याएवढं करून परत लहान करायचं असेल तर हाताने काढणाऱ्याला दोन मिनिटांचं काम, कॉम्प्युटरवाल्याला त्याची सोय पात्र बांधतानाच करून ठेवावी लागते. टॉय स्टोरीतल्या वूडीला हलवायला ७२३ कंट्रोल होते, त्यातले २१२ चेहऱ्याचे आणि ५८ नुसत्या तोंडाचे.

आणि कापड स्वतः कसं हलतं? हाताने काढणारा ते बघून बघून शिकतो. कॉम्प्युटरमध्ये कापड म्हणजे ठिपक्यांची जाळी, ठिपके एकमेकांना स्प्रिंगने जोडलेले, उभ्या-आडव्या दिशेच्या स्प्रिंगा कडक आणि तिरप्या दिशेच्या मऊ. का ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही, चादर धाग्याच्या दिशेत ओढली तर ताणत नाही, दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढली तर लांबते. फ्रेमागणिक प्रत्येक ठिपक्यावर वजन किती, ओढ किती, हवा किती याचा हिशोब मशीन करतं. २००१ च्या मॉन्स्टर्स इंकमध्ये छोट्या मुलीचा शर्ट असाच हलतो, आणि त्यातल्या निळ्या राक्षसाच्या अंगावर २३ लाख २० हजार ४१३ केस आहेत. इथं मधली चित्रं इनबिटविनरही काढत नाही आणि वाकडी रेषाही काढत नाही, न्यूटनचे नियम काढतात. मला कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनमध्ये सगळ्यात सुंदर हेच वाटतं, अगदी मनापासून.

उजेडाचंही तसंच आहे, तो हिशोब तर फार महाग. टॉय स्टोरीच्या वेळी एक फ्रेम तयार व्हायला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागायचा, आणि ११७ कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. खोलीचा म्हणजे जवळ-लांबचा भास मात्र हातवाल्यांनी आधीच साधला होता. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना खांब सपकन मागे पळतात आणि उजनीचं पाणी हळूहळू सरकतं, तसं दाखवायला त्यांनी काचेचे थर एकाखाली एक ठेवून वरून कॅमेरा लावला आणि प्रत्येक थर वेगळ्या वेगाने सरकवला.

पण हालचालीत जीव कसा आणायचा हे कॉम्प्युटरवाल्यांना शेवटी हातवाल्यांकडूनच घ्यावं लागलं. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ मध्ये पुस्तक लिहून आपली बारा तत्त्वं मांडली. उडी मारायच्या आधी खाली दबायचं, आदळल्यावर चपटं व्हायचं, हात सरळ रेषेत न जाता कमानीत न्यायचा, अशी. १९८६ मध्ये पिक्सारने दोन टेबललॅम्पची दोन मिनिटांची फिल्म केली, लॅम्पला ना डोळे ना तोंड, तरी कोण बाप आणि कोण पोर ते लगेच कळतं, आणि पुढच्या वर्षी जॉन लॅसेटर यांनी ही जुनी तत्त्वं कॉम्प्युटरवर कशी लावायची यावर शोधनिबंध लिहिला.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. २०१८ च्या स्पायडर-व्हर्स या स्पायडरमॅनच्या पिक्चरमध्ये सगळं कॉम्प्युटरवर, पण त्यातला नवशिका माइल्स मुद्दाम 'ऑन टूज' हलवलाय आणि त्याच्याच शेजारी झोके घेणारा मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो, म्हणून माइल्स अडखळतो असं वाटतं. सेकंदाला २४ फुकट मिळत असताना १२ निवडले. भाच्याला जे अडकणं दिसलं होतं तेच इथं गोष्ट सांगायला वापरलंय. हाताने काढणारेही संपलेले नाहीत, जपानच्या मियाझाकींच्या स्टुडिओला २०२३ च्या हाताने काढलेल्या पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं. त्याच्या पुढच्याच वर्षी ऑस्कर मिळालं लाटव्हियाच्या फ्लो या मांजराच्या पिक्चरला, तो ब्लेंडरवर केलाय, जे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्या रात्री माझ्याही लॅपटॉपवर होतं.

मग ते उघडलंच. नाण्याऐवजी गोळा घेतला, वर एक की, खाली एक की, आणि ग्राफ दाखवला. आप्पा चष्मा लावून जवळ आले, ती गुळगुळीत रेषा बराच वेळ बघत बसले, म्हणाले, "याला पायऱ्या न्हाईत?" त्यांच्या चौकटीच्या कागदावर कुठलीही गोलाई पायऱ्या पायऱ्यांनीच उतरायची. मी झूम करून स्क्रीनवरचे ठिपके दाखवले, की शेवटी इथंही चौकटीच आहेत, फक्त बारीक, आणि कडेच्या चौकटी अर्धवट रंगवून पायरी लपवलीय. मग त्यांनी भाच्याला सांगितलं, "वर जरा जास्त धर. लगेच सोडू नको." भाच्याने दांडी ओढली. गोळा वर रेंगाळला आणि मग पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हुतात्म्याला बसवताना भाच्याने चौकटीची वही दाखवली, कोपऱ्यात पानापानावर चेंडू काढलेला, भरभर पानं सोडली की उडी मारतो. चौदा ते एकोणीस पानांवरचे चेंडू वेगळ्या हाताचे वाटले, रेषा बारीक आणि एकदम पक्की. विचारलं तर म्हणाला, "मला झोप आली होती, मग मधली आजोबांनी काढली."